गाठ वर ठेवा

वडगावात, गल्लीच्या तोंडाला माझं दुकान.
दुकान म्हणजे एक मशीन, एक पडदा
आणि तेहतीस वर्षांच्या मापांच्या वह्या.
टेप फिरवताना बायका श्वास आत ओढून धरतात.
मी थांबते.
सोडतात कधीतरी.

पद्मश्री बस्तवाडकरचं माप मला पाठ.
छत्तीस, बाळंतपणानंतर अडतीस, पुन्हा छत्तीस.
दसऱ्याच्या आधी पडद्याआड आली, म्हणाली,
सरोजिनी, ह्या वेळी दोन मापं घे गे.
एका बाईपुढं मी पहिल्यांदाच दोन रकाने आखले.
डाव्यात काय लिहायचं कळेना.
तीच म्हणाली, लिही की. कापूस.

कापूस भरून तीन ब्लाउज दिले.
चौथ्याचं कापड अजून माझ्या फळीवर,
शहापूरच्या मागावरचं, जांभळं.
न्यायला आली नाही.

ह्या माघात शाळेच्या हॉलात सतरंज्या पसरल्या.
एकच लांब वाकळ शिवायची, सगळ्यांनी मिळून,
एका वितेला शंभर रुपये,
पैसे त्या रोगाच्या संशोधनाला.
बोर्ड वर कन्नडात, खाली मराठीत.
आमच्याकडं एवढ्यावरून बसवर दगड पडलेत,
पण ह्या बोर्डाकडं कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही,
सगळ्यांच्या माना सुईच्या नेढ्यात.

मी तेहतीस वर्षांच्या कतरणींची पोती आणली.
ही जैतुनबीच्या लेकीच्या लग्नातली,
ही कुणाची ते आठवत नाही,
ही आठवते, सांगणार नाही.

हलग्याहून निंगव्वा आली होती, ऐंशीच्या घरातली,
तिच्या भाषेत वाकळीला कौदी.
हॉस्पिटलची पोर माइकवर बोलली, संशोधन, संशोधन.
निंगव्वानं मला कोपर मारलं, यान् हेळ्ताळ?
मी म्हटलं, आज्जी, शिवण कुठं चुकली
ते उसवून बघत्यात.
हां, म्हणाली, मग येळ लागणार.
आणि ठिगळ पुढं सरकवलं.

दुपारी तिनं सगळ्यांचे हात थांबवले.
वाकळीत दोऱ्याची गाठ आत दडवतात,
लहानपणापासून आम्हाला तेच शिकवलेलं,
गाठ दिसली की आईची चापट.
निंगव्वा म्हणाली, गंटु म्याले इडरी.
गाठ वर ठेवा.
तिच्याकडं गंटु म्हणजे दोऱ्याचीही आणि अंगातलीही,
आमच्याकडं गाठ, तसंच.
ती पुढं काही बोलली नाही,
फक्त पदराआडून स्वतःच्या काखेकडं बोट नेलं
आणि परत सुई धरली.
कुणी हसलं नाही.
मग एकेक गाठ वर यायला लागली,
मुगाएवढी, जोंधळ्याएवढी,
हात फिरवला की बोटाला लागणारी.

संध्याकाळी मोजलं, दोनशे अठरा विती.
जमले मात्र तेवीस हजार चारशे दहा,
कारण काहींनी जास्त दिले
आणि एका पोरानं दहाची नोट टाकून
आपली वीत कुठली म्हणून विचारलं.
दाखवली.

शेवटी बस्तवाडकर आले.
पावती नको म्हणाले.
जांभळ्या तुकड्यावर तळहात ठेवला, उचलला,
हे टोचतंय, म्हणाले, एवढं नीट करून घ्या.
मी कात्री शोधल्यासारखं केलं.
निंगव्वानं त्यांचा हात धरून परत तिथंच ठेवला.
राहू दे रे बाबा, म्हणाली,
अगदी मराठीत.

ते बराच वेळ तसेच बसले.
बाहेर माग सुरू झाले, वीज आली असणार.

रात्री दुकान उघडलं, पडदा ओढला.
सगळ्या वह्या काढल्या, चाळल्या.
गल्लीतली प्रत्येक बाई आहे त्यांत, गेलेल्यासुद्धा.
माझं पान नाही.
नव्या पानावर नाव लिहिलं, सरोजिनी.
टेप मशीनवर ठेवला.
श्वास आत ओढून धरला होता मी,
ते उशिरा कळलं.