एकोणीस टक्के

कुलाब्याला, समुद्राकडच्या खिडकीपाशी
मेजर मॅडमनी माझ्या गुडघ्यावर
कंपासपेटीतल्यासारखा कोनमापक धरला.
वाकवा. वाकवला.
अजून. एवढाच, मॅडम.
पंच्याण्णव, त्या म्हणाल्या, आणि कारकुनाने लिहिलं.

इथवर सोपं होतं.
पुढचा रकाना: जंतू आला कुठून?
नोकरीमुळे, की नोकरीत असताना, की नुसताच?
मी खरं ते सांगितलं.
जैसलमेरच्या पुढे कुंपण ओढताना तार लागली.
तारीख आठवत नाही,
त्या दिवशी टपाल आलं नव्हतं एवढं आठवतं.
रुमाल बांधला, संध्याकाळी हजेरीला उभा राहिलो.
ओरखड्याची नोंद कोण करतं?

चौथ्या रात्री गुडघा नारळाएवढा झाला.
तापात हवालदार पिल्लई दोन दिसत होते
आणि दोघेही मलाच शिव्या देत होते.

जोधपूरला सांध्यातून पू ओढला.
लॅबमधल्या पोराने काचेखाली दाखवला,
बघा, द्राक्षांचे घड.
मी निफाडचा कुशारे, मला घड कळतात.
खरोखर घड होते.
नाव सोन्यावरून ठेवलंय म्हणे त्याचं.
हा सगळ्यांच्याच अंगावर असतो, पोरगा म्हणाला,
माझ्या, तुमच्या, ब्रिगेडियरसाहेबांच्या,
आत शिरायला दार मिळालं की झालं.

तेच वाक्य पुढे माझ्यावर उलटलं.
सगळ्यांच्याच अंगावर असतो,
मग सेवेशी त्याचा संबंध काय?
प्रयागराजहून पत्र आलं,
शिक्का वाकडा, इंग्रजी सरळ.
खाली आकडा: पंधरा ते एकोणीस.
पेन्शन विसापासून.

ट्रेनिंगमध्ये उस्ताद म्हणायचे,
कुशारे, तुझी अक्कल गुडघ्यात.
जोधपूरला तीनदा धुऊन काढला तो गुडघा.
थोडी त्यातून वाहून गेली असणार,
नाहीतर काट्याकुट्याची पावती मागून घेतली असती.

आता घोडपदेवला तिसरा मजला.
रात्री माझगावात गोदामाची राखण, प्लास्टिकच्या खुर्चीवर.
तो राहिलेला एक टक्का मी शोधत असतो.
जिन्यावर, कठडा तुटलाय तिथे.
सामायिक संडासात,
जिथे खिळ्याला बांधलेली दोरी धरून
मी बसत नाही, लोंबकळतो,
आणि बाहेर बादली वाजवत कुणीतरी उभं.
पुतण्याच्या हळदीला सगळे पंगतीत
आणि मी भिंतीकडे, स्टुलावर ताट घेऊन.
मांडी घालता येते का,
असं त्या कागदावर कुणी विचारलेलं नाही.

गुडघे टेकले नाहीत मी कधी.
आता टेकायचे म्हटले तरी एकच टेकतो.

फेरतपासणी श्रावणानंतर आहे.
परवा दुर्वाचा गृहपाठ चालला होता,
म्हटलं, बाळा, जरा हा मोज.
तिने कोनमापक ठेवला, जीभ बाहेर काढून.
ती उलट्या बाजूने मोजते.
ऐंशी, आबा.
म्हणजे बोर्डाचे शंभर.
पाच अंश जास्त वाकला होता.

मला घाम फुटला.
हे यमुनेचं काम. रोज रात्री कोमट तेल,
रोज रात्री पाय मांडीवर घेऊन दाबणं,
ओरडलो तरी न सोडणं.
चार वर्षांत तिने पाच अंश कमावले
आणि मी ते कुणाला दाखवायचे नाहीत.

रात्री म्हटलं, दोन महिने तेल नको.
का?
सांगितलं. बोर्ड, अंश, टक्के.
सांगताना तिच्याकडे पाहवेना,
तर मी स्टोव्हकडे पाहिलं.
वाटीत लसूण तडतडत होता.

तिने फडक्याने वाटी उतरवली,
बोट बुडवून पाहिलं.
सगळं ऐकलं असावं.
पाय इकडे करा, म्हणाली.