बारा मिलिमीटर

हिंगण्याच्या शेडमध्ये आम्ही चौघं,
खुर्च्या तीन,
म्हणून सकाळची मीटिंग उभ्यानंच.
शास्त्रही तसंच सांगतं म्हणे.
आमची गरिबी आपसूक शास्त्रशुद्ध निघाली.

काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं.
फळ्यावरच्या पिवळ्या चिठ्ठ्या
कुलरच्या ओल्या वाऱ्यानं सुटायच्या.
'झालं'च्या रकान्यातलं काम
सकाळी लेथच्या भुश्यात सापडायचं.
मग फुटक्या स्पीकरमधली चुंबकं काढली
आणि कुलरच्या पत्र्यालाच फळा केला.

आम्ही कुलरचा मेंदू बनवतो.
तळहाताएवढी डबी.
टाकीत पाणी किती, पंप केव्हा थांबवायचा,
एवढंच तिला कळावं.

सुकेशिनी रात्री कोड बदलते,
सकाळी चुकला तर मागे घेते,
चहा निवायच्या आत.
माझं तसं नाही. मी साचा काढतो.
साच्याला चाळीस दिवस, एक लाख दहा हजार,
आणि हेडाऊकाकांचा मूड.
पंधरा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये
चाळीस दिवस कुठे बसवायचे?

काका म्हणाले,
"कोड वापस घेता येते, बापू.
पोलादातलं भोक नाही घेता येत.
आधी पुठ्ठ्याचं करून पाय."

पहिली डबी पुठ्ठ्याची.
दुसरी, रिझवानच्या जुन्या टिफिनची, भाजीच्या वासासकट.
तिसरी तेरा तास प्रिंटरवर छापली,
गच्चीवर ठेवली,
मे महिन्यानं ती पापडासारखी वाकवली.
चौथ्या वेळी माझा धीर सुटला.
साचा टाकला.
तरंग्याच्या वायरीसाठी, अगदी दर्शनी बाजूला,
बारा मिलिमीटरचं भोक.

नंदनवनच्या एका अभ्यासिकेत पहिली डबी लागली.
पारा शेहेचाळीस.
नऊ दिवसांत बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार
तरंग्यावर चढला, तरंगा वरच अडकला.
टाकी ठणठणीत कोरडी
आणि डबी सांगतेय: भरलेली, भरलेली.
पंप जळला.

तिथे वनरक्षकाच्या परीक्षेला बसलेली
सरिता उईके.
रोज बादलीनं टाकी भरणारी तीच.
"सर, तुमची डबी खोटं बोलते.
मी तर आवाजावरून ओळखते.
पाणी संपायला आलं की पंप हलका होऊन गुणगुणतो."
खिडकीशेजारी पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या:
अकरा वीस, आवाज बदलला.
अकरा एकतीस, संपलं.
रोजची एक ओळ,
मध्येच कुठेतरी पेंचच्या उपनद्या.

शेडमध्ये परतलो. कुणी कुणाशी बोललं नाही.
सुकेशिनीनं नवा पंप लावला, टाकी रिकामी होऊ दिली,
करंटच्या आकड्याकडे बघत बसली.
आकडा उतरला.
थोडासा, पण ठरल्यासारखा.
तीन रात्रींत कोड.
तरंगा गेला, वायर गेली,
डबीमागे एकशे चाळीस रुपये वाचले.
रिझवाननं बुटीबोरीवरून समोसे आणले.

मी मात्र कोपऱ्यात
पाचशे झाकणं मोजत होतो,
आता कशाचंही नसलेलं
एकेक भोक असलेली.
रबराचं बूच लावून पाहिलं,
बूच लावलेल्या बाटलीसारखं दिसलं.
स्टिकर लावला, उन्हानं सोडला.

काकांनी एक झाकण उचललं,
डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे पाहिलं.
"दिवा लाव ना तिथं,"
म्हणाले, आणि जेवायला गेले.

आता तिथे दिवा आहे.
पाणी असेल तर हिरवा,
पंप गुणगुणायला लागला की पिवळा.
बघणारे म्हणतात, जागा छान निवडली.
मी नाही म्हणत नाही.

परवा अभ्यासिकेत गेलो होतो.
भिंतीवरच्या वेळा थांबल्यात वाटलं,
तर खाली एक नवी ओळ,
त्याच बारीक अक्षरात:
"पिवळा लागला. मी ऐकलं, त्यानंतर दोन मिनिटांनी."

आजच्या मीटिंगला सगळ्यांच्या आधी उभा होतो.
चुंबकाखाली एकच चिठ्ठी, 'करायचं'च्या रकान्यात:
दोन मिनिटं.