कृपया एक पर्याय निवडा

मिरजेच्या त्या इस्पितळात तीन दिवस
मी काउंटरमागं बसून होतो,
स्वतःच लिहिलेल्या फॉर्मकडे बघत.
विश्रामबागेतल्या खोलीवर तो मुकाट चालायचा:
मीच रुग्ण, मीच नातेवाईक,
नाव टेस्ट, आडनाव टेस्ट, वय नव्व्याण्णव.

इथं पहिल्याच सकाळी शिरीन मुल्ला म्हणाली,
‘दादा, तुमचा फॉर्म माणसांचं ऐकत नाही.’

वयाच्या चौकटीत मी फक्त आकडे घेतो.
लोक येतात ‘साठ-पासष्ट’ घेऊन,
‘कोयनेचा भूकंप झाला तवा रांगत हुतो’ घेऊन.
शिरीन मनातल्या मनात वजाबाकी करते
आणि चौकट हिरवी होते.
फोन दहा अंकी. नसला तर पुतण्याचा,
पुतण्या नसला तर ज्याच्या वडापमधून आले त्या ड्रायव्हरचा.
दहा अंक भरले की माझं समाधान.
नंबर कुणाचा, हे मी विचारलेलंच नाही.

गोल बटणांचं वेगळं असतं.
त्या सगळ्यांना एकच नाव द्यावं लागतं,
तरच एक पेटलं की दुसरं विझतं.
पहिल्या खेपेला माझ्याकडून एका नावात
एक अक्षर जास्त पडलं होतं,
आणि विवाहित, विधवा दोन्ही ठिपके एकदम उजळत.
ऑफिसातले हसले. दोन मिनिटांत दुरुस्त केलं.

मग पहिलं बटण मी आधीच भरून ठेवलं, लोकांचा वेळ वाचावा म्हणून.
घाईतला जो तो विवाहित निघाला,
हात मोडलेला सात वर्षांचा पोरगासुद्धा.
तेव्हा सगळी रिकामी केली आणि अट घातली:
निवडल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.
खाली लाल अक्षरांत, पण अदबीनं,
कृपया एक पर्याय निवडा.

तिसऱ्या दिवशी उमदीहून कस्तुरव्वा हत्तुरे आली.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
‘लग्न झालंय?’
‘व्हय की.’
‘मालक आलेत बरोबर?’
‘ट्रक घिऊन बेळगावला गेल्यात.’
‘कधी येणार?’
‘एकुणीस वर्सं झाली.’

माऊस थांबला.
‘म्हणजे मग... विधवा लिहू?’
‘कुणी सांगितलं तुला?’
हिरव्या बांगड्या काउंटरच्या काचेवर आपटल्या.
रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेलेली.
शिरीननं बाण घटस्फोटितवर नेला
आणि काही न बोलता परत आणला.

म्हातारी पडद्याकडं झुकली.
तिला चार धुरकट ठिपक्यांपलीकडं काय दिसणार?
‘दोनी दाबता येत न्हाईत व्हय?’

येत होते.
गेल्या महिन्यात येत होते.

मी शिरीनला सरकायला सांगितलं,
त्या प्रश्नावरचा सक्तीचा शब्द पुसला.
फॉर्म निमूट पुढं सरकला, आणि आतून परत आला,
तेच लाल वाक्य कपाळावर घेऊन.
आतल्या दारावरही पहारा होता.
बाहेरून कुणी चकवू नये म्हणून मीच बसवलेला,
आणि त्याची किल्ली पुण्याच्या ऑफिसात.

शेवटी शिरीननं विवाहितवर टिचकी मारली.
‘हे पुसता येतंय का नंतर?’ कस्तुरव्वानं मला विचारलं.
मी म्हणालो, ‘नाही आज्जी. दुसऱ्यावर जाता येतं,
पुन्हा रिकामं होता येत नाही.
त्यासाठी सगळं पानच नव्यानं भरायला लागतं.’
‘सगळं? नावापासनं?’
‘नावापासून.’

ती जरा गप्प राहिली.
मग म्हणाली, ‘नाव वाच बघू.’
शिरीननं वाचलं, तिन्ही चौकटी, सावकाश:
कस्तुरव्वा. बसप्पा. हत्तुरे.
‘मदलं परत.’
‘बसप्पा.’
‘मग ऱ्हाऊ दे,’ म्हातारी म्हणाली, ‘बराबर आलंय.’