पाऊण इंच

उम्म अल कुवैनच्या खाडीकडे तोंड करून बसलेलं घर.
भिंतीला हात लावला की तळव्याला पीठ लागतं,
चव घेतली तर खारट.
चाळीस उन्हाळे खाल्लेला गिलावा,
आणि त्यात रुतलेल्या लोखंडी खिडक्या,
ज्यांच्या सांध्यातून शमाल सुटला की
वाळू थेट उशीपर्यंत येते.

माप तीन ठिकाणी घ्यायचं,
वर, मध्ये, खाली,
आणि सगळ्यांत लहान येईल ते खरं मानायचं.
मग कर्ण. इकडून तिकडे, तिकडून इकडे.
अठरा मिलिमीटरचा फरक.
ओळंबा सोडला तर भिंत डावीकडे कललेली,
पाय मुडपून बसलेल्या उंटासारखी.

अफ्राबाईंपुढे काचांचे तुकडे मांडले.
हिरवी, करडी, आरशाची.
एकेक डोळ्याशी धरून त्या पाण्याकडे बघत राहिल्या.
आरशाची परत केली: घराने गॉगल घातल्यासारखं दिसेल.
हिरवी परत केली: यातून माझी खाडी आजारी दिसते.
अबू धाबीहून मुलाचा फोन, करडीच घे आई, एसीचं बिल बघ.
बिल सुहैल भरतो, त्या मला म्हणाल्या,
बघते मी.
दुहेरी काच, साधी, पाण्यासारखी.

आता खरा प्रश्न.
जुन्या चौकटीच्या पोटातच नवी बसवायची
तर गिलाव्याला धक्का नाही,
एका दिवसात काम, धूळ नाही,
फक्त दोन्ही अंगांनी उजेड कमी होतो.
किती?
मी दोन बोटं दाखवली.
माझ्या त्या दोन बोटांकडे त्या इतका वेळ बघत होत्या
की मला हात खाली घेता येईना.
फोडा, म्हणाल्या.

मंगळवारी ग्राइंडर.
नूरजमानने तोंडाला ओलं फडकं बांधलं,
गिलाव्याचे पापुद्रे पत्र्यावर पत्रा पडावा तसे पडले,
जुनी चौकट गंजाने फुगून विटांत दात रोवून बसलेली.
तिसऱ्या पहारीला सुटली,
आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात
सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं मराठी:

डावीकडे पाऊण इंच चुकल आहे.
मागून येणाऱ्याने बघून घ्यावे.

नाव नाही. गाव नाही.
अनुस्वार राहिलेला, घाईत असेल,
किंवा मुकादम हाक मारत असेल,
किंवा गिलावा करणारा थापी घेऊन
पाठीशीच उभा असेल, माझ्या भंवरलालसारखा.

क्या लिखा है, उस्ताद?
माप, मी म्हटलं.

याच कोपऱ्यातून पाणी यायचं.
इथे पाऊस वर्षातून दोनदा,
पण दव रोजचं, आणि दव पावसापेक्षा चिकाटीचं.

नवी चौकट उभी केली. गुण्या लावला.
डावीकडे सागाची पाऊण इंचाची पाचर ठोकली,
स्क्रू, फोम, कडेने सिलिकॉन
एका श्वासात, हात न उचलता.
तळाची दोन बारीक छिद्रं खिळ्याने मोकळी करून ठेवली.
बुजवू नकोस, भंवरलालला दोनदा सांगितलं,
तरी एक त्याने बुजवलंच.

गिलाव्याचा रंग तीनदा कालवला.
ओला असताना जुळायचा,
वाळला की भिंतीवर लांबून दिसणारं ठिगळ.
पूर्ण बाजू रंगवून देतो, मी म्हटलं,
एवढं मात्र बिलात नाही.
राहू दे, त्या म्हणाल्या,
नवरा गेला तेव्हाही सगळे मला
पूर्वीसारखी दिस म्हणत होते.

अक्षरं आता आत आहेत.
मी खाली काही लिहिलं नाही.
पेन्सिल कानावर होती, हात सिमेंटचे होते,
आणि लिहिणार तरी काय, बघून घेतलं?

उद्या संध्याकाळपर्यंत उघडायची नाही, मी बजावलं,
सिलिकॉन ओलं आहे.
त्यांनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली.
आम्ही हत्यारं गाडीत टाकली,
नूरजमान फडकं झटकत होता,
आणि मागे, वर,
खिडकी सरकल्याचा आवाज आला.