वादळाचा सीझन

उदगीरला, झेरॉक्सच्या दुकानावर
बिडवे ट्रॅव्हल्स.
पंखा फिरतो, हवा येत नाही.

बिडवे नकाशावर नख ठेवतो: मॉरिशस.
समुद्रातच बांधलेली खोली,
काचेची फरशी, पायाखाली मासे.
माघात निम्म्या पैशात.
"तेवढं जरा वादळबिदळ असतंय."

"उडून गेलो तर पैसे परत मिळतेत का?"
सिद्रामचा प्रश्न. हॉलचा ॲडव्हान्स देतानाही
त्यानं हेच विचारलं होतं.

तिथं नळाला पाणी कितव्या दिवशी, मी विचारलं.
बिडवे हसला.
मी खरंच विचारलं होतं.
आमच्या गल्लीत बारावा दिवस,
वेळ ठरलेली नाही.
हळदीच्या तारखेआधी
आईनं पाण्याची तारीख बघितली होती.

फोटोतली बाई टबात बसलीय,
टबाबाहेर समुद्र,
समुद्रावर काळी रेघ,
छपाईतली असेल.
एवढं पाणी, तेही न बोलावता
अंगावर चालून येणारं.
मला भीती वाटायला हवी होती.

"हेच," मी म्हणाले. "माघातलंच."

सहीत आडनाव कोणतं लिहायचं
यावर अडले, तोवर आईचा फोन:
पाणी सुटलंय, ये.
जिन्यात आले तेव्हा वर सिद्राम विचारत होता,
विम्यात वारा धरतेत का.