पत्ता: होम, खोब्रागडे, लिब

मे महिना, दुपारचे तीन,
सिव्हिल लाइन्समधली आमची विहिरी मोजणारी कचेरी.
कूलरचा पंप खरखरतो, वाळा अर्धाच भिजतो,
आणि मी सोर्समधून बांधते आहे
अठरा वर्षं जुना एक प्रोग्रॅम.

कॉन्फिगर एकेक दार ठोठावत जातं.
कंपायलर आहे का? आहे.
गणिताची लायब्ररी? आहे.
नकाशांची? आहे.
स्क्रीनभर हो, हो, हो,
लग्नाची यादी वाचताना मामेसासरे मान हलवतात तसं.
मग मेक. ओळी धावतात,
चहावर साय धरते.
एकही चूक नाही.

चालवला,
तर पहिल्याच श्वासाला म्हणतो:
अशी फाईल नाही.

आहे ना रे बाप्पा!
युसर-लोकल-लिबमध्ये आहे,
सकाळी मीच ठेवली,
नाव, आकार, तारीख, परवानग्या,
दोनदा पाहिलं.
शेजारच्या टेबलावरून शालिक उईके,
ज्याला यातलं काही येत नाही, म्हणतो,
"ठेवली तं ठेवली. त्याले सांगितलं का, कुठी ठेवली म्हणून?"

सांगितलं. तो मोठ्या अक्षरांतला लांबलचक शब्द
एक्सपोर्ट केला, पुढे पाथ जोडला. चालला!
टर्मिनल बंद करून परत उघडलं
तर पुन्हा कोरा.
हातावर पेनानं लिहिलेला पत्ता
या उन्हात टिकणार किती.

शिवाय त्याला लायब्ररी हवी बारा नंबरची,
माझ्याकडे पंधरा.
पंधराला बाराचं नाव द्यावं, एक लिंक करावी,
बरेच लोक करतात, चालूनही जातं.
एकदा मीही केली होती.
तिसऱ्या महिन्यात हिंगण्याच्या कोरड्या विहिरीत
कागदोपत्री पाणी चढलं होतं.
म्हणून आज बारा शोधली, तीही बांधली,
तिला लागणारी आणखी एक बांधली,
तिलाही कोणीतरी लागत होतं.

साडेपाचला प्रोग्रॅमचं पोट उघडून पाहिलं.
आत, स्पष्ट:
होम, खोब्रागडे, लिब.
मेकफाईलच्या एकशे चाळिसाव्या ओळीतून
मीच नकळत पुन्हा कोरलेलं.
या मशीनवर खोब्रागडे नावाचं कुणी
कधीच नव्हतं.
तरी प्रत्येक वेळी हा आधी
त्यांच्याच दाराशी जाऊन उभा राहत होता.

फोन लावला. निवृत्त माणूस, पलीकडे टीव्हीचा आवाज.
"होम? नंदनवनचं घर तं विकलं ना बाई."
समजावून सांगितलं.
बराच वेळ नुसता टीव्ही.
मग हसले. "अजून तिथंच शोधून राहिलं काय ते?
मले वाटलं होतं, दोन महिन्यांचं काम आहे."

माझा पत्ता टाकते म्हटलं.
"तुही बदली झाली म्हणजे?
पत्ताच काढून टाक.
त्याले सांग, तू जिथं उभा आहेस
तिथून पाहा. बाजूच्या खोलीत."

डॉलर-ओरिजिन, दोन टिंबं, लिब.
डॉलरचं चिन्ह मेक गिळून टाकतं,
म्हणून दोनदा लिहावं लागलं; यात सात वाजले.
त्यांचं नाव खोडलं.
मग वरच्या ओळीत, हॅशच्या आड,
जिथलं यंत्र वाचत नाही,
लिहून ठेवलं: इथे आधी खोब्रागडे होते.

चालला. टर्मिनल बंद करून पाहिलं,
फोल्डर उचलून दुसरीकडे नेऊन पाहिलं,
चालला.
काटोलची चौथी विहीर: अकरा मीटर चाळीस.

उईके पंप बंद करायला उठला होता.
स्क्रीनकडे ओझरतं बघून म्हणाला,
"साडेअकरा असन.
मी दोर सोडला होता मंगळवारी."