हडळीला किती फेरे

विट्यात, यंत्रमागांच्या गल्लीत,
बाबालाल मणेरांच्या रिवायंडिंगच्या दुकानात
गणपतीला अकरा दिवस उरले तेव्हा
आमच्याकडे एक हडळ होती, अगदी तयार,
फक्त मान हलत नव्हती.

तोंड कागदाच्या लगद्याचं, केस काथ्याचे,
विहीर म्हणजे तळ कापलेलं डांबराचं पिंप.
तिनं काठावरून वर यायचं,
लोकांकडं बघायचं
आणि परत खाली जायचं. एवढंच.

पहिल्यांदा मी मिक्सरची मोटार लावली,
कारण तीच घरात होती.
आईला अजून सांगितलेलं नाही.
बटण दाबलं, आणि डोकं असं गरगरलं
की केस सुटून मंडळाच्या पावतीपुस्तकावर.
चाचा इतके हसले
की चष्मा व्हार्निशच्या डब्यात पडला.
"लेका, ही हडळ हाय
का ताक घुसळाय बसलीया?"

मग टेबलफॅनची. तिला डिमर लावला.
मोटार नुसती गुणगुणत राहिली,
तापली, वास सुटला,
मान जागची हलेना.
"वेग काढलास, पर दम बी गेला की तिचा.
उपाशी ठेवलं म्हणून कोण सावकाश चालत नसतंय,
बसतंय खाली."

शेवटी बिरू पुजारीच्या टेम्पोची
वायपरची मोटार काढली,
अनंत चतुर्दशीपर्यंत, उसनी.
"पाऊस आला तर?"
"फडकं हाय की."
तिच्या पोटात मळसूत्र.
बाहेर एक फेरा द्यायचा
तर आत पन्नास सोसायचे.

तरीही मिनिटाला पंचेचाळीस.
सायकलचं फ्रीव्हील मोटारीला, मोठं चाक मानेच्या दांड्याला,
मधे चेन: पंचेचाळीसाचे पंधरा.
लुनाची सहा व्होल्टची बॅटरी:
पंधराचे सात, कधी साडेसात.
मानेमागं अर्ध्या किलोचं माप बांधलं,
म्हणजे मोटारीनं उचलायचं नाही,
नुसतं सांगायचं.

सात बास का, मी विचारलं.
चाचांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं.
उरलेलं कुठल्या मोटारीनं नेलं,
किती फेऱ्यांच्या,
ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
त्या हातानं त्यांनी मला घड्याळ दिलं,
स्टुलावर बसले,
हनुवटी छातीला टेकवली
आणि मान वर करायला लागले.

एक. दोन.
तेवढ्यात लाईट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प झाले,
इतके की माझ्याच हातातलं घड्याळ ऐकू यायला लागलं,
आणि अंधारात, रस्त्यावरच्या मोटारसायकलीच्या उजेडात,
चाचा अजून वर येतच होते.
पाच. सहा.
मी त्यांना सात वर्षं ओळखत होतो.
मी मागं सरकलो, ट्रान्सफॉर्मरवर आपटलो.
"हां," ते म्हणाले, "एवढंच पायजे."

देखावा बरा झाला.
अध्यक्षांना हडळ जरा जोरात हवी होती,
ढोलाच्या तालावर, पब्लिक खूश होतं म्हणाले.
चाचांनी मान हलवली, नकाराची, तीही सावकाश.
दुसऱ्या रात्री फ्रीव्हीलमधे काथ्या अडकला
आणि हडळ तासभर
अर्ध्यावरच थांबून बघत राहिली.
त्या तासाला रांग सगळ्यात लांब होती.

आता ऑक्टोबर.
खानापूरच्या रस्त्यानं मी बिरूच्या शेजारी बसलोय,
मागं सुताची बाचकी, वर परतीचा पाऊस.
वायपर जातोय, येतोय.
"काय केलंय रं हिला?" बिरू म्हणतो,
"पयल्यासारखी पळंना झालीया."

मी मनातल्या मनात मोजलं.
बॅटरी बाराची, फेरे पंचेचाळीसच,
होते तेवढेच.
पण बोललो नाही.
दर खेपेला, काचेच्या त्या टोकाला,
ती जराशी थांबत होती.